राहून गेलेली पहिली-दुसरी

जून २०२० मध्ये ज्या मुलांची नावं पहिलीच्या हजेरीपटावर चढली, त्यांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. दुसरीचाही अर्ध्याहून कमी पाहिला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही दिवस बंद झाले. अक्षरओळख, काना-मात्रा, जोडाक्षरं, शंभरपर्यंतचे अंक, हातच्याची बेरीज-वजाबाकी हे सगळं ज्या दोन वर्षांत पक्कं व्हायचं, नेमकी तीच दोन वर्षं या मुलांच्या हातून गेली. २०२५-२६ हे त्यांचं सहावीचं वर्ष. २०३० साली ती दहावीच्या परीक्षेला बसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांपैकी एकेकाचं काय राहिलं, ते कोणी नीट मोजलेलं नाही, आणि मोजलं नाही म्हणून भरूनही काढलेलं नाही. सरकारचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, आणि शिक्षक कामचुकार होते असं तर मुळीच नाही. आपण सगळेच शिक्षणाकडे दहावीच्या टोकाकडून बघतो, म्हणून हे झालं. कोल्हापुरात तर जास्तच.

करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो. आमच्याकडे मुलं गावोगावच्या विद्यामंदिरांतून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून येतात, कोणी पाचवीला, कोणी सातवी संपवून आठवीला. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. फळ्यावरचं बघून मूल वहीत सुरेख उतरवून घेतं. अक्षर वळणदार, समास आखलेला, शीर्षकाखाली रेघ. तेच मोठ्याने वाच म्हटलं की पहिल्या ओळीतच थांबतं. शाब्दिक उदाहरण सुटत नाही म्हणून आपण त्याला गणितात कच्चं ठरवतो. तेच उदाहरण मी वाचून दाखवलं तर त्यातली कितीतरी मुलं उत्तर तोंडी सांगतात. दूध किती लिटर घातलं, फॅटला दर काय लागला, दहा दिवसांचं बिल किती झालं, हा हिशेब घरी रोज करणारी मुलं आहेत ही. त्यांना गणित येतं, छापलेलं वाचता येत नाही. भूगोल, विज्ञान, इतिहास या सगळ्या विषयांत ती याच एका कारणाने मागे पडतात आणि प्रत्येक विषयाचा शिक्षक ते आपापल्या विषयाचं अपयश समजतो.

शाळा बंद ठेवायलाच नको होत्या, असं मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये दुसरा मार्ग नव्हता. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना कोल्हापुरात ती हटत नव्हती, बेडसाठी धावाधाव आपण सगळ्यांनी पाहिली आहे. प्रश्न आहे तो शाळा उघडण्याच्या क्रमाचा. ५ ऑक्टोबर २०२० पासून हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडायला सुरुवात झाली, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद झालं, आणि दुसऱ्यांदा उघडतानाही क्रम तोच: आधी मोठे, शेवटी पहिली ते चौथी. ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी देवळं उघडली, अंबाबाईचं दर्शन सुरू झालं. पहिलीच्या वर्गाचं दार त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी उघडलं. लहान मुलांना या आजाराचा धोका सर्वांत कमी आहे, हे तोवर जगभर दिसून आलं होतं. शिवाय दहावीचा विद्यार्थी पुस्तक घेऊन निदान स्वतः बसू शकतो. सहा वर्षांचं मूल ते करू शकत नाही, कारण पुस्तक वाचायचं कसं तेच त्याला शिकायचं असतं. ज्यांना शाळेची गरज सर्वांत जास्त, त्यांना ती सर्वांत शेवटी मिळाली. दहावी-बारावीला बोर्ड होतं आणि पहिलीला नव्हतं, एवढाच हा हिशेब होता.

आणि त्या बोर्डाचं तरी काय झालं? २०२१ ची दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के. त्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पण त्या आकड्याने समाज म्हणून आपल्याला गाफील केलं. सगळे पास झाले म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशी समजूत वरच्या वर्गापासून खालपर्यंत झिरपली.

बंदच्या काळात काहीच झालं नाही, हेही खरं नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला आली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, दीक्षा ॲप होतं. तपासणी नाक्यावर ड्यूटी करून, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणासाठी दारोदार फिरून, उरलेल्या वेळात देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या सोप्यात पाच-सात पोरं गोळा करून शिकवणारे शिक्षक मला माहीत आहेत. त्यांचे उपकार या जिल्ह्याने मानले पाहिजेत. पण घरात फोन एक, तो घेऊन वडील सकाळी शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कामावर, परत यायला रात्र. त्यात भावंडं तीन. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या धनगरवाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढायची. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२१ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तीन वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. पण फोन असलेल्या घरांतल्याही चारातल्या एका मुलाच्या हाती तो अभ्यासाला येत नव्हता. आणि आला असता तरी पहिलीचं मूल फोनवरून वाचायला शिकत नाही. बाई बोट धरून अक्षरावरून फिरवतात, चुकलं की तिथंच थांबवतात, शेजारच्याचं ऐकून ते पुन्हा म्हणतं. हे पडद्यातून होत नाही.

कोल्हापूरच्या मुलांच्या वाट्याला यापलीकडेही काही आलं, आणि राज्याच्या कोणत्याच अहवालात त्याचा वेगळा रकाना नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतल्या नदीकाठच्या शाळा पाण्यात गेल्या. ज्या उंचावर होत्या त्यांत पूरग्रस्त राहायला आले. दप्तरं, पुस्तकं भिजली, चिखल काढून वर्ग सुरू व्हायला वेळ लागला. सात महिन्यांत कोरोना आला. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांचं विलगीकरण पुन्हा त्याच शाळांच्या खोल्यांत. आणि जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली ती पुन्हा महापूर घेऊन. चिखली-आंबेवाडीच्या किंवा शिरोळकडच्या एखाद्या मुलाचं २०१९ ते २०२१ या तीन वर्षांचं हजेरीपत्रक मांडून पाहा. त्याचं काय काय राहिलं असेल, याचा अंदाज सरासरीच्या आकड्यावरून येणार नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं तर आपण बोलतही नाही. बीडकडून हंगामाला आलेली ही मुलं एरवीही दोन जिल्ह्यांच्या पटांमध्ये हरवतात. मार्च २०२० मध्ये त्यांची कुटुंबं इथल्याच कारखान्यांच्या तळांवर अडकून पडली होती. ती आपली मुलं नाहीत असं कोणाला वाटत असेल, तर त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसावरच हा जिल्हा उभा आहे, हे त्याने आठवावं.

आता कोणी म्हणेल, या गोष्टीला वर्षं झाली, मुलं सावरली. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण त्यात तथ्य आहे. घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावणारी ‘असर’ची पाहणी सांगते की तिसरीतली, दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. महाराष्ट्रातली घसरण तर देशापेक्षाही मोठी होती. २०२४ मध्ये देशाचा आकडा पुन्हा २७.१ वर गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, नुकसान भरून निघालं. पण २०२४ मध्ये तिसरीत कोण होतं? २०२२ मध्ये पहिलीत गेलेली मुलं. त्यांची अंगणवाडी बुडाली असेल, शाळा बुडाली नव्हती. २०२२ मध्ये जी तिसरीत होती आणि वाचू शकत नव्हती, ती त्या वेळी पाचवीत पोचली होती. पाचवीचा आकडा बघू: २०१८ मध्ये ५०.५, २०२२ मध्ये ४२.८, २०२४ मध्ये ४८.८. म्हणजे मुलं बरीच सावरली, आणि त्याचं श्रेय वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना आहे. पण ती सावरून कुठे आली? पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, त्या जुन्याच जागी. ही पातळी पुन्हा गाठली म्हणून समाधान मानायचं असेल, तर दर दोन मुलांमागे एक मूल आपण आधीच सोडून दिलंय असा त्याचा अर्थ होतो.

नुकसान आपोआप भरत नाही, याचा एक ठळक पुरावा शेजारी देशात आहे. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या त्या भागातल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी मुलं तपासली, तेव्हा भूकंपाच्या पट्ट्याजवळची मुलं दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाच्या शिक्षणाने मागे होती. बुडालं होतं जेमतेम सव्वातीन महिन्यांचं. शाळा उघडल्यानंतरच्या काळात अंतर वाढत गेलं, बहुधा शिक्षक पुढच्या वर्गाचं पुस्तक शिकवत राहिले आणि मागे राहिलेल्या मुलाला त्यातलं कळेना. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या मुलांची आई किमान प्राथमिक शिकलेली होती, त्यांचं नुकसान जवळजवळ झालंच नव्हतं.

उसाच्या लागणीत काही ठिकाणी डोळा उगवत नाही. शेतकरी तिथे नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी नवं रोप लावतो, आणि पहिल्या महिनाभरात लावतो. उशीर केला तर आजूबाजूचा ऊस उंच झालेला असतो आणि नव्या रोपाला ऊनच मिळत नाही. या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्गातही हेच घडतं. फरक इतकाच की अजून हंगाम पुरता गेलेला नाही.

पण हे काम आज कोणाच्या यादीत आहे? जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू झालं, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावं म्हणून. उद्दिष्ट योग्यच आहे. पण तिसरीची रेघ आखली की तिच्यापलीकडे गेलेली मुलं योजनेबाहेर पडतात, आणि बंदच्या काळातली मुलं केव्हाच पलीकडे गेली. त्यांच्यासाठी जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला होता. तो आला तेव्हा शाळाच बंद होत्या, नदीकाठी महापूर होता, आणि पहिली-दुसरीचा पाया ४५ दिवसांत घालता येतो हे गृहीतच चुकीचं होतं. नंतरच्या पायाभूत चाचण्यांचा भर लेखीवर राहिला. ज्याला वाचता येत नाही त्याला लेखी चाचणीत कमी गुण पडतात, पण तो वाचू शकत नाही म्हणून पडले की विषय समजला नाही म्हणून, हे त्या कागदावरून कळत नाही.

त्यावर २०२३ मध्ये राज्याने नियम केला: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा, तिथेही नापास तर त्याच वर्गात. ढकलपास बंद व्हावं, असं शिक्षक म्हणून मलाही वाटतं. पण २०२३-२४ च्या पाचवीत कोण होतं? २०२० मध्ये दुसरीत असलेली मुलं. शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाचा, उशिरा उघडण्याचा निर्णय शासनाचा, आणि त्याचा पहिला हिशेब दहा वर्षांच्या मुलाकडे मागायचा, हा अन्याय आहे. आधी त्याला वाचायला शिकवा, मग परीक्षा घ्या.

कोल्हापूरला शिक्षणाचा अभिमान आहे, आणि तो पोकळ नाही. दहावीत राज्यात पुढे असणाऱ्या विभागांत कोल्हापूरचं नाव असतं. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आपल्या तालुक्याची किती मुलं, यावर पारापारांवर चर्चा होते. भल्या पहाटे जादा तास घेणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांची रांग लागते, सरकारी शाळेसाठी असं दृश्य फार थोड्या शहरांत दिसेल. पण गुणवत्ता यादीत वरची मुलं दिसतात. त्याच वर्गातली शेवटच्या बाकावरची दहा मुलं कोणत्याच यादीत नसतात, चौकातल्या फलकावर तर नसतातच. जादा तास होतो तो शिष्यवृत्तीला बसणाऱ्यांचा. जोडाक्षर न वाचता येणाऱ्या सहावीतल्या मुलासाठी जादा तास ठेवला, असं मी फार क्वचित ऐकलं आहे. आमच्या शाळेतही वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे.

याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि तेव्हाचा रुपया लहान नव्हता. ती सक्ती हुशार मुलांसाठी नव्हती. जी मुलं कोणाच्या खिजगणतीत नव्हती, त्यांच्यासाठी ती होती. महाराजांनी हायस्कूलच्या आधी प्राथमिक शाळेकडे पैसा वळवला, त्यावर त्या काळी टीकाही झाली. शिक्षणाकडे पहिलीच्या टोकाकडून बघणं म्हणजे काय, हे आपल्याला परगावाहून शिकायची गरज नाही.

करायचं काय, तेही काही अवघड शास्त्र नाही. पाचवी ते आठवीतल्या प्रत्येक मुलाला एकट्याने समोर बसवून एक उतारा वाचायला द्यायचा, एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार द्यायचा. मुलामागे पाच-सात मिनिटं लागतात, चाळीसच्या वर्गाला फार तर दोन दिवस. मग रोज एक तास वर्ग मोडायचे. सहावीतलं असो की आठवीतलं, ज्याला शब्द वाचता येत नाहीत ते एका गटात, ज्याला उतारा अडखळत येतो ते दुसऱ्या गटात. त्या तासाला पाठ्यपुस्तक बाजूला. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने ही पद्धत देशभर वर्षानुवर्षं वापरली आहे, आणि तिचा कसून अभ्यास करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हेही काम होतं. तामिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ योजनेतून गावागावात स्वयंसेवक उभे केले. संध्याकाळी तास-दीड तास, वस्तीतच वर्ग. नंतरच्या अभ्यासात दिसलं की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत दोन तृतीयांश नुकसान भरून निघालं आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांमुळे होता. महाराष्ट्र तेव्हा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करून मोकळा झाला होता.

आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. डी.एड. होऊन घरी बसलेली मुलं-मुली प्रत्येक गावात आहेत. बचत गटांच्या बायका आहेत. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांसाठी गावोगाव मातांचे गट केले होते, ते पुन्हा उभे करता येतील. ज्या आईची स्वतःची शाळा चौथीत सुटली, तिलाही या तासाला बोलवावं. मुलाबरोबर तीही वाचेल, आणि त्याचा उपयोग पाठच्या भावंडाला होईल.

शिक्षक म्हणतील, आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस जातो, त्यात हे कुठे बसवायचं? तक्रार खरी आहे, मी रोज भोगतो ती. म्हणून हा तास वेळापत्रकात अधिकृत हवा, शाळा सुटल्यानंतरचा उपकार म्हणून नको. आणि त्या बदल्यात दोन-चार अहवाल कमी झाले पाहिजेत. पालकांनाही एक सांगायचं आहे. आपलं सातवीतलं मूल दुसरीच्या गटात बसलं म्हणून शरमू नका. दुसरीला बाईंनी त्याला वाचायला शिकवलं नाही, कारण दुसरीचा वर्गच भरला नव्हता.

जिल्हा परिषद आणि महापालिकेची शिक्षण समिती यांनी हे पुण्या-मुंबईच्या आदेशाची वाट न बघता सुरू करावं. येत्या जूनमध्ये पहिल्या पंधरवड्यात ही तोंडी तपासणी, दिवाळीला दुसरी, मार्चमध्ये तिसरी. मुलांची नावं न घेता, किती जण कोणत्या गटात होते आणि आता कुठे आहेत, एवढे आकडे शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शिष्यवृत्तीधारकांचा सत्कार ज्या व्यासपीठावर होतो, त्याच व्यासपीठावरून.